बोअरची जागा

बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलं तेव्हा ते नेमकं काय असतं हे आमच्या बोईसरकडच्या माहीम गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, मलासुद्धा. केमिस्ट्रीला नंबर लागला नाही, एवढंच खरं कारण. बाबा मात्र भेटेल त्याला सांगत, "बाय दगडांचं शिकते." समोरचा हसला की तेही हसत. त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. मला वाटे.

पहिलं वर्ष लाकडी ट्रेमधले खनिजांचे तुकडे ओळखण्यात गेलं. नखाने ओरखडा उठतो का, काचेवर उठतो का, पांढऱ्या फरशीवर रेघ कोणत्या रंगाची येते. दुसऱ्या वर्षी हातात हातोडा आणि होकायंत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. दिसेल तो दगड फोडायची. आईने मला पाट्या-वरवंट्याच्या आसपास फिरकायची बंदी घातली होती. त्याच वर्षी भूजलाचा पेपर होता. लाव्हाच्या थरांना उभी चिरत गेलेली कठीण दगडाची भिंत, म्हणजे डाइक, जमिनीखालचं पाणी धरणासारखं अडवते, हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

आमची वाडी पानवेलींची. विहीर जुनी, उथळ, आणि तिच्या आतल्या बांधणीत एक दगड थोडा पुढे आलेला. पाणी त्या दगडापर्यंत उतरलं की बाबा पंप बंद करत. मग वेली कितीही कोमेजू देत. "त्याच्या खालचं पाणी आपलं नाय," एवढंच म्हणत. का, ते त्यांना सांगता येत नसे. त्यांच्या वडिलांनी तसं सांगितलं होतं. मे महिन्यात समोर पाणी दिसत असताना ते कोवळ्या वेलींना तांब्याने मोजून पाणी घालत, आणि मला संताप येई. अडाणीपणा म्हणतात तो हाच, असं मी आईला ऐकवलंही होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ओहोटीला किनाऱ्यावर फिरताना मला काळ्या दगडांची एक सरळ रांग दिसली. लहानपणापासून त्या दगडांवर बसून आम्ही कालवं फोडली होती, पण आता ती डाइक होती. मी होकायंत्र लावलं, दिशा घेतली, घरी येऊन नकाशावर रेघ ओढली. रेघ थेट आमच्या वाडीखालून जात होती. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. त्या भिंतीच्या अलीकडे गोडं पाणी अडून बसलेलं असणार, बोअर मारली की वाडीचा उन्हाळा कायमचा संपला.

बाबांनी रिवाजाप्रमाणे आधी पाणाड्याला बोलावलं. पाणी दाखवणारा हा म्हातारा तळहातावर नारळ आडवा ठेवून वाडीभर फिरला. फणसाजवळ नारळ उभा राहिला. "हितं घ्या. पण उथळ. खाली दगड लागला का थांबा," तो म्हणाला. मी हसले. लपवून नाही, चांगलं तोंडावर हसले. मग वही उघडून नकाशा दाखवला आणि विहिरीशेजारची जागा सांगितली. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुंटी मी दाखवलेल्या जागी ठोकली. पाणाडी चहा न घेता गेला.

बोअरला वरच्या थरातच गोडं पाणी लागलं. यंत्रावरच्या माणसाने विचारलं, "बस करें?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून खाली जाऊ द्या, खरं पाणी दगडात आहे.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. बोअरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि विहिरीतून वेलींना द्यायचं. तो पुढे आलेला दगड त्या वर्षी उघडा पडलाच नाही. पुढच्या दिवाळीत मात्र पानांच्या कडा करपू लागल्या. बाबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि पंप बंद केला. विहीरही खारी झाली होती. डाइक तडकलेली असेल तर तीच भिंत समुद्राला आत यायची वाट होते, हेही आम्हाला शिकवलं होतं. वहीत ते पुढच्याच पानावर होतं. परीक्षेपुरतं मी ते पाठही केलं होतं.

पाणाडी बघायला आला. "जागा कुनी दावली?" त्याने विचारलं. मी दाखवलेली जागा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी बाबा म्हणाले, "मीच." मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी होते. मी कप खाली ठेवला आणि आत गेले.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला विषय हवा होता. घरचीच विहीर, नमुने हवे तेव्हा मिळणार. मी महिन्याच्या महिन्याला क्षार मोजले, आलेख काढले, आणि कारणांच्या प्रकरणात लिहिलं की मालकाने शास्त्रीय सल्ला न घेता बोअरची जागा ठरवली. इंग्रजीत ते वाक्य फार सोपं वाटलं. वर्गात सर्वांत जास्त मार्क मला मिळाले.

सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत घरी आणली तर बाबा म्हणाले, "वाच की." मी मराठी करत करत सगळं वाचलं, ते एक वाक्य सोडून. ते मांडी घालून ऐकत होते. "आपल्या विहिरीचं सगलं आलंय," म्हणाले, आणि प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. त्याच पावसाळ्यात त्यांनी वेली उपटल्या. पुढे ते दुसऱ्यांच्या वाड्यांत वेली बांधायला जात. त्यांच्यासारखी बांधणी कुणाला जमत नसे, म्हणून बोलावणं येई. मला ते बघवत नसे. मी बोईसरला एका प्रयोगशाळेत लागले आणि तिथेच खोली घेतली. दिवसभर पाण्याचे नमुने तपासते.

गेल्या वर्षी बाबा गेले. तेराव्याला पंगत उठल्यावर शाळेत शिकवणारी चुलतवहिनी माझ्याजवळ बसली. "तुझं ते पुस्तक काकांनी माझ्याकडून वाचून घेतलं होतं," ती म्हणाली. "तू बोईसरला गेलीस त्याच महिन्यात."

"सगळं?"

"सगळं. ते मालकाचं वाक्य दोनदा वाचायला लावलं."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. ते काय म्हणाले?

"म्हणाले, बरोबर लिवलंय. खुंटी मीच ठोकली ना. आनि बायला सांगू नको, मला वाचून दाकवलं म्हणून. तिला घरी यायला जड जाईल."

त्या वाचनानंतर अकरा वर्षं मी महिन्यातून एकदा घरी जात होते, आणि दर वेळी परतताना ते माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत येत होते.