सेटबाई आणि फटीतला माईक

सेटबाई गाडीत चढल्या की सगळ्यात आधी माईक नाकाशी नेत. वास घेऊन ड्रायव्हरकडे बघत आणि सांगत, "मिसळ. तीही वरून तर्री घेतलेली." मग कमरेला खोचलेल्या फडक्याने माईक पुसून हुकाला अडकवत. आमच्या सेवेतल्या सगळ्या रुग्णवाहिकांचे आणि बंबांचे वायरलेस सेट त्यांच्या ताब्यात होते, आणि सेटबरोबर ड्रायव्हरही आपल्याच ताब्यात आहेत असा त्यांचा समज होता. मी रुग्णवाहिकेवर नर्स होते. पहिल्या दिवशी मला त्या भयंकर खडूस वाटल्या. दुसऱ्या दिवशीही वाटल्या.

प्रत्येक सेटचा स्कॅनर चालू हवा, हा त्यांचा कायदा. आपल्या चॅनेलबरोबर बंबांचं, कंट्रोलचं, सगळ्यांचं बोलणं त्यातून आळीपाळीने कानावर येई. ड्रायव्हर वैतागत. "बाई, डोकं उठतं हो या कटकटीनं!"

"उठू द्या. सासरी नांदल्यासारखं नांदायचं. ऐकायचं सगळ्यांचं, तोंड घालायचं नाही."

एक चॅनेल मात्र त्यांनी मोकळं ठेवलं होतं. त्यावर कुणी बोललं की सेटवरचं बाकी सगळं थांबून तेवढंच ऐकू येई. ड्रायव्हरांनी त्याचं नाव 'सासू' ठेवलं. बाईंना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

ड्यूटीवर ड्रायव्हरचा मोबाइल आवाज बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात. यावरून रोज भांडणं. शिवाय कोण कुठल्या टपरीवर थांबतो याची बाईंना खडान्‌खडा माहिती, आणि त्या टपरीवाल्यांचे फोन नंबरही त्यांच्याकडे. "ही हेरगिरी झाली," असं कुणी म्हणालं, तर त्या सरळ त्यांच्या सटाण्याच्या अहिराणीत शिरत, "मंग काय करू रे भाऊ, तुले शोधत गावभर फिरू का?"

एकदा भर दुपारी आम्ही निफाडहून एका बाळंतिणीला घेऊन नाशिकला निघालो. घरीच बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. बाळ आजीच्या मांडीवर. निफाड मागे पडलं आणि आमच्या गाडीचा क्लच गेला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये आम्ही, मोबाइलला रेंज नाही. मला दुसरी गाडी हवी होती, तीही लगेच. माईक उचलला, तर चॅनेलवर कुणीतरी निवांत गप्पा मारत होतं.

"मुलीकडच्यांनी नुसत्या चहावर कटवलं हो. पोहेसुद्धा नाही!"

कुणाचा तरी माईक सीटच्या फटीत पडून त्याचं बटण दाबलं गेलं होतं. असं झालं की ती एक गाडी बोलत राहते आणि त्या चॅनेलवर बाकी सगळ्या मुक्या होतात. मी ओरडून पाहिलं. पोह्यांचं पुराण चालूच राहिलं. इकडे बाळंतिणीचा हात गार पडत चालला होता. मी घाबरले. एरवी पेशंटसमोर मी घाबरत नाही.

मग सासू आठवली. चॅनेल बदलून मी सेटबाईंना हाक मारली, कुठे अडकलोय ते सांगितलं. त्यांनी तिथूनच सगळ्या गाड्यांना विचारलं. एक नाशकात द्वारका चौकाच्या गर्दीत, एक त्र्यंबकच्या रस्त्याला, बाकीच्या त्याहून लांब. बाईंनी पोह्यांच्या पुराणाकडे कान दिला.

"जवळचा एक शे," त्या म्हणाल्या. "तोच तो, पोहेवाला. चहा पी राहिना." म्हणजे चहा पीत बसला होता.

आवाजावरून त्यांनी भाऊसाहेबला ओळखलं होतं. तो आमचाच ड्रायव्हर, पेशंट सोडून परत येताना चांदोरीच्या फाट्यावर हमखास थांबणारा. बटण दाबलेलं असल्याने सेटवर त्याला काही ऐकू जाणार नव्हतं, आणि मोबाइल कायद्याप्रमाणे कप्प्यात मुका. सेटवर पुन्हा त्याचं पुराण सुरू झालं होतं. थोड्याच वेळात त्यात टपरीवाल्याचा आवाज मिसळला.

"ओ भाऊसाहेब, तुमच्या सेटबाईंचा फोन हाय. फटीतला माईक काढा म्हणत्यात, अख्ख्या नाशिकला तुमची सोयरीक कळली. अन् निफाडकडं पळा, रस्त्यात पेशंट अडकलाय!"

खट्ट. मग शांतता. इतकी गोड शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही.

भाऊसाहेब आला, मान वर न करता त्याने स्ट्रेचर उचललं आणि गाडी अशी हाणली की आम्ही वेळेत पोचलो. बाळंतीण वाचली. त्याला पुढे आठवडाभर सगळ्या गाड्यांचे हुक तपासायची शिक्षा झाली, आणि ती त्याने निमूट भोगली.

सेटबाई आता निवृत्त होऊन सटाण्याला असतात. त्यांच्यामागे आम्ही त्यांच्या नकला करतो, त्यांचं बोलणं सांगून हसतो. त्या दिवशीची संध्याकाळ मात्र मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. त्या दवाखान्यात आल्या होत्या. एरवी वॉर्डात पाऊल न टाकणाऱ्या बाई थेट पाळण्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बाळ झोपलं होतं.

"गाडीत रडली का गं ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तेव्हाही झोपलीच होती. का हो?"

"तू सासूवर बोलत होतीस ना, तेव्हा मला तुझा आवाज आला, मागून आजीचा आला. हिचा आला नाही. विचारायची हिंमत नाही झाली."

मी काही बोलणार, इतक्यात पोरीने तोंड उघडलं आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. सेटबाई मटकन बाकावर बसल्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊन रडल्या, आणि रडतारडताच म्हणाल्या, "आली. ऐकू आली."