फळ्यावरचं स्थळ

चतुराबाईंनी आजवर चाळीस लग्नं जुळवली होती, आणि एकाही घरचं माणूस भांडायला परत आलं नव्हतं. पेशानं त्या कॉलेजात शिपाई, वर्गावर्गात मस्टर फिरवायचं काम. पण औरंगाबादेत कुठल्या गल्लीत उपवर मुलगी आहे आणि कुठला पोरगा नोकरीला लागलाय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. त्यामुळं बी.ए.च्या फळ्यावर ठळक अक्षरांत ‘स्थळ’ लिहिलेलं दिसलं, तेव्हा त्यांचा पाय दारातच अडकला.

खाली लिहिलं होतं: शंभर खिडक्यांचं घर. मालकीचं रान. वर्षाकाठी आठ हजार पौंड. घरामागून स्वतःची नदी.

स्वतःची नदी! आणि साल कोणतं, तर २०१३. जायकवाडी तळाला गेलेलं, शहर मात्र चिकलठाण्याच्या पुढं सुसाट वाढत सुटलेलं, आणि नळ आठव्या दिवशी. त्या उन्हाळ्यात सोयरिकीला गेलेली माणसं पोराचा पगार मागाहून विचारत. आधी विचारत, बोअरला पाणी किती इंच. शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडम पुण्याच्या, तिशी उलटलेल्या, बिनलग्नाच्या. चतुराबाईंच्या डोक्यात लगेच सनई वाजायला लागली.

तास सुटला तसं त्यांनी मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, स्थळ लई नामी हाये. फक्त पत्ता द्या, मी चौकशी करून येते. सांगताना नदी सांगतात अन् जाऊन बघावं तर नाला निघतो.”

मॅडम आधी गोंधळल्या, मग हसून हसून भिंतीला टेकल्या. “अहो मावशी, ते कादंबरीतलं स्थळ. गोष्ट घडते ती जागा. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी आहे.” आणि हसता हसता एकदम थांबल्या. “पण तुमचं चुकलं तरी कुठं? त्या पुस्तकात नवरदेवाच्या आधी त्याचं घर येतं, मग उत्पन्न, आणि सगळ्यात शेवटी तो. मी सहा वर्षं पोरांना हेच समजावतेय, आणि तुम्ही एका शब्दात सांगून मोकळ्या झालात.”

चतुराबाईंना त्या कौतुकाशी काही देणंघेणं नव्हतं. “मग? केलं का पोरीनं?”

“नाही. नकार दिला.”

“नदी असून?”

“तीन तास तो तिला घर दाखवत होता. जिने, आरसे, घोडे. त्या तीन तासांत त्यानं तिला एक प्रश्न विचारला नाही. म्हणून.”

“पोरगी बिनडोक हाये,” असं म्हणून चतुराबाई मस्टर बगलेत मारून तरातरा निघून गेल्या.

राग यायला कारणही तसंच होतं. येत्या रविवारी त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, कंपनीत नोकरी करणाऱ्या कालिंदीला, बघायला माणसं येणार होती. चिकलठाण्याचे पुंजाराम आणि त्यांचा मुलगा श्रीरंग. विमानतळाजवळची जमीन विकून दोन इमारती उभ्या केलेलं घर, बोअरला तीन इंच पाणी. दुसऱ्यांच्या चाळीस लेकी उजवल्या आणि स्वतःची सत्ताविशीला आली तरी घरात, हे बोलणं चतुराबाईंना रोज कुठून ना कुठून ऐकायला लागायचं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तरी मस्टर फिरवताना तो मुलखावेगळा नकार डोक्यात भुणभुणत राहिला. पुस्तकातल्या पोरीला कुणी काही विचारलं नव्हतं, तसं बाहत्तरच्या दुष्काळात कन्नडकडं सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या पंधरा वर्षांच्या चतुरालाही कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या बापानं, कडुबानं, सासरची विहीर तेवढी डोकावून पाहिली, पाणी दिसलं, पोरगी दिली. पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटली. नवरा रामकिसन कारखान्यात लागला म्हणून ती शहरात आली, आणि तो गेल्यावरही तगली.

रविवारी पोहे झाले, चहा झाला. पुंजाराम बोलत होते. बोअर, टाक्या, दोन कूलर, भर उन्हाळ्यात पाइपनं धुतली जाणारी गाडी. श्रीरंग मान डोलवत होता. कालिंदी समोर बसली होती. चतुराबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागल्या. माणसं येऊन तासाला दहा मिनिटं कमी, आणि पोरीला अजून एक प्रश्न नाही.

“पाव्हणं,” त्या मध्येच म्हणाल्या, “पोरीला काय विचारायचं असंल तर विचारा की.”

श्रीरंगनं बापाकडं पाहिलं. पुंजाराम हसले. “काय विचारायचं? आम्हाला पसंत हाये.”

“ती कंपनीत काय काम करती, हे तरी.”

“ते विचारून काय करायचं? लग्नानंतर थोडंच करायचंय.”

नकार कसा द्यायचा हे चतुराबाईंइतकं कुणाला ठाऊक? ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्य त्यांनी आजवर शंभर घरी पोचवलं होतं, गोड आवाजात. त्या दिवशी त्यांनी पत्रिकेला मध्ये घेतलंच नाही. आवाज सरळ निघाला.

“जमायचं नाय, पाव्हणं.”

माणसं गेल्यावर कालिंदी रडायलाच लागली. “आई, मी हो म्हणणार होते. त्यांच्या बोअरचं पाणी आपल्यालाही मिळालं असतं, तुला टँकरमागं पळायला लागलं नसतं.”

“येडे, माझ्या बापानंबी पाणी बघूनच दिलं मला,” चतुराबाई म्हणाल्या. “पाणी टँकरनंबी येतं. दिलेली लेक टँकरनं परत येत नाय.” मग दोघी मायलेकी उरलेले पोहे खात बसल्या, आणि कालिंदीनं कंपनीत आपण नेमकं काय करतो ते आईला पहिल्यांदा नीट सांगितलं.

सोमवारी मॅडमनी पुस्तक उघडायच्या आत चतुराबाई मस्टर घेऊन वर्गात हजर.

“मॅडम, नकार दिल्यावर त्या पोरीचं पुढं काय झालं?”

“तो भाग पुढच्या आठवड्यात आहे, मावशी.”

“आठवडाभर मला दम निघायचा नाय,” म्हणत चतुराबाई पहिल्या बाकावर पोरींना सरकवून बसल्या. “आजच सांगा. माझ्याबी घरी कालच नकार झालाय.”