वाट दाखवणारी मावशी

डोंगरातल्या गावच्या मावशीची पहिली ओळख म्हणजे शिवी. आम्ही तळेगावचे चार-पाच मास्तर, दर हिवाळ्यात सुट्टी काढून पवनेकाठचे डोंगर पायी हिंडणारे. चढ लागला की वरून तिचा आवाज यायचा, "आरं मुडद्यांनो, वाट सोडून कुटं चालला?" आम्ही मुकाट वाटेवर यायचो.

पावसाळा सरला की ती कोयता घेऊन करवंदीची जाळी तोडत खिंडीपर्यंत वाट मोकळी करायची. खिंडीतल्या देवीच्या दगडावर येणाऱ्या-जाणाऱ्याने एक डहाळी ठेवायची, असा गावाचा रिवाज. एकदा मी विसरलो, तर तिने मला अर्ध्या डोंगरातून माघारी पिटाळलं. "देवीला तशीच वलांडून आला व्हय रं मास्तर?" राग आला, पण गेलो.

मग एका वर्षी तिपाई आणि दुर्बीण घेऊन काही माणसं आली. मावशीला वाटलं, हेही आमच्यासारखेच हौशी. पिठलं-भाकरी खाऊ घालून तिने त्यांना सगळी वाट दाखवली. ते मोजणीवाले होते. पुढच्या हिवाळ्यात त्या उतारावर द्राक्षाचे वेल, वाइन पाजणारं रिसॉर्ट आणि भोवती तारेचं कुंपण. गावाची वाट कुंपणाच्या आत. गावातल्या ज्यांनी उतार विकला, त्यांनी कानांवर हात ठेवले.

त्यानंतर मावशीने शिव्या देणंच सोडलं. एकदाच म्हणाली, "मीच दावली रं वाट. चालनारं मानूस म्हनून दावली." फसवणारे मजेत, आणि ही बिचारी स्वतःला बोल लावत गेली. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा तिच्या वर्षश्राद्धाला तिची सून डहाळी ठेवायला निघाली, मीही सोबत गेलो. फाटकावर नवी पाटी होती: 'मावशीची पायवाट. द्राक्षमळ्यातून निवांत भटकंती. फक्त निवासी पाहुण्यांसाठी.' शेजारी पदर घेतलेल्या हसऱ्या म्हातारीचं चित्र. मावशीला असं गोड हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

रखवालदार गावातलाच. मान खाली घालून म्हणाला, "वयनी, आत न्हाई सोडता येत."

"मुडद्या, बाजूला हो!" सून कडाडली. थेट सासूचा आवाज. त्याने निमूट फाटक उघडलं.

खिंडीत देवीभोवती खुर्च्या मांडलेल्या होत्या. दगडावर कुणीतरी वाइनचा उष्टा ग्लास ठेवून गेलं होतं. सुनेने तो उचलला, खालच्या खडकावर भिरकावला आणि दगड पदराने पुसून डहाळी ठेवली. मी जन्मभर पोरांना शिस्त शिकवलेला माणूस. पण तो ग्लास फुटल्याचा आवाज आला आणि मला फार बरं वाटलं.