पदराआडचे हात

शांताअक्का दोन्ही हात सदा पदराखाली ठेवायची. प्रसाद घ्यायचा तो पदरात, सुटे पैसे तेही पदरात. मूळची दुधनीकडची, बोलण्यात कानडी हेल. सोलापुरात आमच्या शेजारी राहून कडक भाकरी विकायची. भाकरी इतकी पातळ, की तिच्या आरपार वर्तमानपत्र वाचता यावं. मी तर माझं राशिभविष्य वाचलं आहे, आणि ते खरंही ठरलं.

भाकरी थापायची मात्र दार लावून. अशा वेळी माझ्यासारख्यानं गप्प बसणं म्हणजे गुन्हाच. अक्काच्या दहा बोटांत दहा अंगठ्या आहेत, म्हणून ती हात दाखवत नाही, ही बातमी मीच गल्लीत सोडली. चार दिवसांत अंगठ्यांना हिरे लागले. ते काही मी लावले नव्हते.

एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, “अक्का, एखादी अंगठी दाखव की!”

“कशी दाखवू रं? चोर शेजारीच राहतोय की.”

गल्ली हसली. सर्वांत मोठ्यानं मी.

मग एका सकाळी तिनं आतून हाका मारल्या. कडी निघत नव्हती. मी खिडकीतून हात घालून ती काढली, तर म्हणाली, “दार फुगलंय रं.” मे महिन्यात, सोलापुरात, दार फुगलंय! थापाड्याला दुसऱ्याची थाप लगेच कळते. उभं राहतानाही ती कण्हत होती. तिला स्कूटरवर बसवलं आणि सांध्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?”

“न्हाईत की. झ्याक हायेत.”

“मूठ वळून दाखवा बघू.”

पदर हलला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही जरा बाहेर बसा.”

“मी घरचाच आहे.”

“जा रं बाहेर,” अक्का हळूच म्हणाली. “तू असलास की माझ्या तोंडातनं खरं निघत न्हाई.”

बाहेर बसलो. मध्ये नुसता पडदा होता.

“दुपारपातूर बोटं हालत न्हाईत, बाई. लई दिवस झालं. तळव्यानंच थापते, दार लावून. लोकांनी बघितली तर महारोग म्हणतील. मग माझी भाकरी कोण खाईल?”

“हा संधिवात आहे, अक्का. कुणाला लागत नाही. औषधानं सूज आणि दुखणं कमी होईल. वाकलेली बोटं सरळ होतील असं मात्र सांगत नाही. आधी का नाही आलात?”

“कुणासंगं येऊ? स्कूटरवाला एकच हाय शेजारी. त्याला कळलं की अख्ख्या सोलापुराला कळतंय.”

परतताना मी एकेक खड्डा चुकवत स्कूटर हळू चालवली.

गल्लीत बायका वाटच पाहत होत्या. “काय निघालं?” अक्का म्हणाली, “सांग. एवढं खरं सांग.”

मी सांगितलं. संधिवात आहे, बोटं वाकलीत, कुणाला लागत नाही.

“वाकतीलच की,” समोरची सुमनकाकू म्हणाली, “हिऱ्यांचं वजन काय कमी हाय?”

हशा पिकला. मी आईची शपथ घेतली, तर आणखी हसल्या.

तेव्हा अक्कानं पदर बाजूला केला.

सुजलेले सांधे, आणि वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या ज्वारीसारखी बोटं. हसू जागच्या जागी थांबलं. आयुष्यात एकदा मी खरं बोललो होतो, आणि ते पटावं म्हणून तिला भर गल्लीत हात उघडे करावे लागले.

सुमनकाकूनं डोळ्यांना पदर लावला. मग पुढं येऊन म्हणाली, “अक्का, दोन भाकरी दे.”

अक्कानं घरातून आणून त्याच हातांनी दिल्या. परत आत जाता जाता अक्का माझ्याकडे वळली.

“काय रं, तुझी जीभ आखडली व्हय?”

औषधानं अक्काची कडी आता तिची तिला निघते. दारही उघडं असतं. त्या दारावरून जाताना मी मात्र अजून मान खाली घालूनच जातो.