रिकामी काडी

आमची ही एकोणीस वर्षं अंतराळयानात जाणाऱ्या कापसाच्या काड्या निर्जंतुक पाकिटांत बांधते. यानातली माणसं त्या काड्या नळ्यांवर, भिंतींवर फिरवून परत पाठवतात आणि त्यांवरून कोणते जिवाणू उगवतात ते प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटमध्ये तपासतात. टोपी, झगा, दोन-दोन हातमोजे घातल्याशिवाय ही त्या खोलीत पाऊल टाकत नाही. लग्नात एवढी नटली नव्हती.

गेल्या वर्षी यानातल्या पाण्याच्या नळीवरून एक नारिंगी जिवाणू आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्याची जनुकं ताडून पाहिली, ती कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेनात. नवी जात म्हणून मॅडम शोधनिबंध लिहायला बसल्या आणि घरी आम्ही उगाचच हुरळलो.

पण प्रत्येक खेपेत एक रिकामी काडी असते. ती यानात उघडायची आणि कशालाही न लावता बंद करायची. तिच्यावर काही उगवलं, तर ते बांधणाऱ्या चौघांपैकी कुणाच्या तरी हातून इथूनच गेलं. ज्याच्या हातून गेलं, त्याला ती खोली कायमची बंद.

एका सोमवारी माझ्या दुकानात हिचा फोन आला.

"अहो, रिकाम्या काडीच्या प्लेटमध्ये नारिंगी ठिपके आलेत."

"आणखी कुणी पाहिलं?"

"नाही. नियमाने तीनच दिवस बघतात, तोवर काही नव्हतं. मीच प्लेट ठेवून दिली होती."

"मग टाकून दे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती म्हणाली, "मॅडम आल्या. ठेवते."

तिनं मॅडमना सांगितलं. चौघांच्या तळहातांचे नमुने घेतले गेले. पुढचे दहा दिवस माझा जीव टांगणीला लागलेला. मी चिडून म्हणालोही, "खरेपणाचा मक्ता तूच घेतलायस का?" ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

निकाल आला. नारिंगी जिवाणू हिच्याच उजव्या तळहातावर होता. जात नवीच ठरली. शोधनिबंधात सापडल्याचं ठिकाण म्हणून लिहिलेलं 'यानातली नळी' मॅडमनी खोडलं, तिथे 'तंत्रज्ञाचा तळहात' लिहिलं आणि हिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं.

त्या संध्याकाळी माझं तोंड सुटलं. "दुसऱ्या तिघांपैकी कुणाचा निघेल असं वाटलं होतं ना तुला? बघ आता."

"नाही," ती म्हणाली. "ठिपके मला आठवडाभर आधीच दिसले होते. त्याच दिवशी मी माझा उजवा तळहात दुसऱ्या कोऱ्या प्लेटवर टेकवून ती ठेवून दिली. तुम्हाला फोन केला तेव्हा दोन्ही समोर होत्या. दोन्हींत नारिंगी."

म्हणजे मी 'टाकून दे' म्हणालो, तेव्हा आपलाच हात आहे हे तिला ठाऊक होतं; दोन प्लेट टाकल्या की सुटली असती. मला माझीच लाज वाटली.