डॉर्सीनं निवडलेली कार्बाइन

ओपल स्टकी बंदुकीला भिणारी बाई नव्हती. अमेरिकेतल्या मिझुरीच्या डोंगरात एकाहत्तर वर्षं काढलेली बाई भिणार तरी कशी? अठ्ठावीस वर्षं तिनं बर्फाचिखलातून शाळेची बस हाकली आणि मागच्या बाकावरची टारगट पोरं आरशातल्या एका नजरेनं गप्प केली. तिचा नवरा डॉर्सी तर अख्ख्या तालुक्याचा बंदूक-मास्तर. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी चर्चच्या तळघरात तो पोरांचा वर्ग घ्यायचा. "समोर कोण आहे याची खात्री झाल्याशिवाय घोड्याला शिवायचं नाही! तोवर बोट कुठं?" आणि पोरं बोंबलायची, "सरळ!" चाळीस वर्षांत त्याच्या एकाही पोराच्या हातून अपघात झाला नाही.

मग डॉर्सीचं डोकं झिजायला लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण ओपलला ते आधीच कळून चुकलं होतं. सकाळी माणूस बरा असायचा. उन्हं कलली की मात्र त्याला घरात परकी माणसं दिसायची, आणि त्यात बहुतेक वेळा ओपलच असायची. मुलगी टॅमी शहरातून आली आणि कपाटातल्या साती बंदुका गाडीत घालून घेऊन गेली. डॉर्सी अंगणात उभा राहून बघत होता. "कुणाच्या गं त्या?" एवढंच त्यानं विचारलं.

ऑक्टोबरात पलीकडच्या वळणावरच्या म्हाताऱ्या मर्टलचं दार चोरांनी फोडलं. कशासाठी, तर तिच्या गुडघेदुखीच्या, नशेला चालणाऱ्या गोळ्यांसाठी! गोळ्या नेल्याच, वर जाता जाता म्हातारीचा जबडा मोडून गेले मेले. शेरीफचा पोलीस पोचायला पन्नास मिनिटं लागली. ओपल तिला बघायला हॉस्पिटलात गेली आणि तारांनी बांधलेलं ते तोंड बघून आली. त्या दिवसापासून तिनं दाराला खुर्ची लावायला सुरुवात केली.

"कुत्रा पाळ, आई," टॅमी फोनवर म्हणाली.

"तुझ्या बापाला सांभाळू का कुत्र्याला?"

"काहीही कर, पण बंदूक घरात आणायची नाही. शब्द दे मला."

ओपलनं शब्द दिला. देताना गाडीची किल्ली तिच्या दुसऱ्या हातात होती.

लायलच्या दुकानात बंदुकाही मिळायच्या, मासे धरायचे गळही, आणि डब्यात जिवंत गांडुळंही. डॉर्सीला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून तोही बरोबर. तो आल्या आल्या गांडुळांपाशी रमला.

"बारा बोअरची काढ," ओपल म्हणाली.

"खांदा निखळेल, काकू."

मग पिस्तूल झालं. पण संधिवातानं वाकलेल्या तिच्या बोटांना त्याचा वरचा भाग मागे ओढवेना. लायलनं डोकं खाजवलं. "मग तुम्ही कार्बाइनच घ्या. आखूड नळी, हलकी, धक्का कमी, घरातल्या बोळात वळवायला सोपी. आणि ही बघा, नव्यांत सगळ्यात स्वस्त. मधोमध दुमडते सुद्धा."

तेवढ्यात डॉर्सी गांडुळं सोडून आला आणि त्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली. ओपलचा जीव वरखाली झाला. पण त्यानं नळी जमिनीकडे केली, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, गोळी चढवायचा खटका मागे ओढला, आत बघितलं, करंगळी घालून पुन्हा खात्री केली. घोड्याजवळचं बोट ताठ, सरळ. जित्याची खोड!

"ही बंदूक आहे का गोठ्याच्या दाराची बिजागरी?" तो म्हणाला. "गाल कुठं टेकवायचा? आणि हा खटका तिच्या बोटांनी ओढला जाणारंय का? लायल, माझ्या वर्गात तू झोपायचास. अजून झोपलेलाच दिसतोस."

दुकानातली चारही गिऱ्हाइकं खो खो हसली. डॉर्सी भिंतीवरच्या बंदुका एकेक बघत गेला आणि कोपऱ्यातली एक जुनी, लाकडी दस्त्याची, ओरखडे पडलेली कार्बाइन त्यानं काढली. दिसायला बेंगरूळ, पण खटका लोण्यासारखा. किंमतही त्या दुमडणारीपेक्षा कमीच निघाली. त्यानं ती ओपलच्या खांद्याला लावली, तिचं कोपर धरून खाली केलं. "इथं. श्वास सोड. खांदा सैल ठेव, ओपल."

ओपल! आठ महिन्यांत त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. बाईचे डोळे भरून आले. अहो, त्या घटकेला लायलनं तिला तोफ विकली असती तरी तिनं घेतली असती. तिचा नवरा तिला परत मिळाला होता, बंदुकीचं काय घेऊन बसलात?

"वडील कसे आहेत रे तुझे?" डॉर्सीनं विचारलं.

"बरे आहेत, काका."

लायलचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या शवपेटीला पुढून खांदा डॉर्सीचाच होता. दोनच मिनिटांनी डॉर्सीनं तेच पुन्हा विचारलं, तेव्हा खरेदीचा फॉर्म पुढे करता करता लायलचा हात थबकला.

"काकू, ही तुमच्यासाठीच ना?"

"मग काय कोंबड्यांसाठी?"

सगळे हसले. लायलही हसला आणि त्यानं फॉर्म पुढे सरकवला. मला त्याचा राग येतो तो इथं. कळलं होतं त्याला! कळून त्यानं काय केलं, तर आकड्यांच्या कुलपाची एक पेटी फुकट दिली. "आकडा असा ठेवा, जो तुम्ही विसरणार नाही आणि..." त्यानं डॉर्सीकडे बघितलं. "दुसऱ्या कुणाला आठवणार नाही."

परतताना गाडीत ओपलनं विचारलं, "डॉर्सी, आपलं लग्न कधी झालं रे?"

त्यानं बाहेरच्या झाडांवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. मग अदबीनं म्हणाला, "तुमचं लग्न झालंय का, बाई?"

घरी येऊन तिनं डॉर्सीच्या देखतच पेटीला आकडा लावला तो लग्नाच्या तारखेचा. अकरा जून. याहून पक्कं कुलूप सापडणार नाही, असं तिला वाटलं, आणि मग पलंगाच्या कडेला बसून ती रडली. कार्बाइन भरून पेटीत गेली, पेटी पलंगाखाली गेली. दाराची खुर्ची निघाली. ओपलला झोप लागायला लागली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, मऊ पावासारखी बिस्किटं रश्श्यात बुडवता बुडवता डॉर्सी एकदम म्हणाला, "तुझ्या आईनं लिंबाचा केक केला होता. अर्धा मुंग्यांनी खाल्ला. काय उकाडा होता त्या दिवशी!"

तो त्यांच्या लग्नाचा केक. ओपलनं त्याचं डोकं छातीशी धरलं. टॅमीला फोन करून हसत, रडत सगळं सांगितलं. पलंगाखालची पेटी काही तिला आठवली नाही. आनंद झाला होता हो बाईला, दुसरं काय!

त्याच आठवड्यात टॅमीनं आईसाठी कोट पाठवला. काळा, लांब, डोकं झाकणारा. चारच्या सुमाराला ओपल तो घालून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. जेमतेम दहा मिनिटं. परत आली, तर ओसरीच्या पायरीवर डॉर्सी उभा. खांद्याला कार्बाइन. मान, कोपर, पाय, सगळं वर्गात शिकवल्यासारखं नेमकं.

"तिथंच थांबा," तो म्हणाला.

ओपलनं हळूच टोपी मागे सारली. "डॉर्सी, मी आहे. ओपल."

"ओपल आत आहे. तिला बरं नाही. तुम्ही निघा इथून."

आवाजात राग नव्हता. परक्या बाईशी बोलावं तसा तो नीट बोलत होता. तिचं लक्ष त्याच्या बोटावर गेलं. सरळ होतं. खात्री झाल्याशिवाय नाही, तिनं स्वतःला बजावलं. चाळीस वर्षांत एकदाही नाही. म्हणजे त्याची खात्रीच पटवायला हवी.

"अकरा जून," ती म्हणाली. "आपलं लग्न अकरा जूनला झालं. आईच्या केकला मुंग्या लागल्या होत्या. आठव ना रे."

डॉर्सीच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. क्षणभर तिला वाटलं, आला, परत आला.

"अकरा जून," तो म्हणाला. "पेटीचा आकडा. तो माझ्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही." त्याचा आवाज चिरकला. "तिच्याकडून कसा काढून घेतलात? काय केलंत तुम्ही तिला?"

"डॉर्सी, अरे मीच..."

"माझी खात्री झाली," डॉर्सी म्हणाला, आणि त्याचं बोट वाकलं.