एका भोंग्यावरची दोन भाषणं

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तू बातम्या बघणं का सोडलंस. तुमच्याकडे शाळेची घाई होती, म्हणून मी विषय बदलला. उत्तर लांब आहे, ते लिहून पाठवते.

बातम्या मी सोडलेल्या नाहीत. पेपर रोज पहिल्या पानापासून वाचते. सोडलंय ते टीव्हीवरचं संध्याकाळचं भांडण. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक माणूस, सगळे एकदम बोलणारे, आणि सूत्रसंचालक सगळ्यांहून मोठ्यानं. एकदा नेटानं शेवटपर्यंत बघितलं. चर्चा कांद्याच्या भावावर होती की निर्यातीवर, हेही मला नंतर सांगता येईना. माझ्या वर्गात एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा नियम होता. इंग्रजी कुणाला किती आलं ते सोडा, पण एवढं सगळ्यांना आलं.

टीव्ही बंद करता येतो. हा आवाज आपल्या गल्लीत आला तेव्हा मात्र मला उठावं लागलं.

घनसावंगीला नगरपंचायतीची निवडणूक लागली आहे. आपला वॉर्ड यंदा महिलांसाठी राखीव. शेजारच्या घरातली सून उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी. तिच्या सासऱ्यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागे काढलं, नवरा आता अंबडच्या फेऱ्या मारत जीप चालवतो. चौकातल्या तिच्या पहिल्या सभेत ती म्हणाली, “लोक म्हणतात मला राजकारण कळत नाही. पण नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते मला कळतं.” बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर चालणाऱ्या एका न्यूज चॅनेलनं तिचा व्हिडिओ टाकला. त्यात एवढंच: “मला राजकारण कळत नाही.” पुन्हा पुन्हा तेच, आणि मागे मेंढरांचा आवाज. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

अर्ज मागे घ्यायची मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. सासरे माझ्याकडे आले. बसले नाहीत.

“मॅडम, तुमचं ती ऐकती. तिला म्हनावं, अर्ज काढून घे. आपल्या घरातल्या बाईचं तोंड असं सगळ्या गावाच्या मोबाइलात? बिलकुल नको.”

“ती काय म्हणते?”

“भांडे घासून राह्यली. घासलेलेच परत घासती.”

मी चपला घातल्या आणि बाजारातल्या खताच्या दुकानाकडे निघाले. का, ते कळायला तुमच्या आजोबांची एक गोष्ट माहीत हवी.

आजोबा एकदा जिल्हा परिषदेला उभे होते. त्यांच्या विरोधात या खताच्या दुकानाचे मालक, भाऊ. त्या वेळी या भागात भोंगा पुरवणारा एकच माणूस होता, म्हणून दोन्ही पक्ष एकाच भोंग्यावर, एकाच गावात, एकापाठोपाठ सभा घेत. एकाचं चाललं की दुसरा खाली लोकांत बसून आपली पाळी येईतो ऐकायचा. ऐकून ऐकून दोघांना एकमेकांची भाषणं पाठ झाली. एका गावात आजोबांचा घसा पार बसला. तेव्हा भाऊ उठले, “वकीलसाहेबांचं म्हणणं आधी ऐका” म्हणाले, आणि आजोबांचं भाषण काहीही न गाळता म्हणून दाखवलं. मग पाणी पिऊन स्वतःच्या भाषणात ते मुद्द्यानं खोडून काढलं. निवडून भाऊच आले.

आज शेजारणीच्या समोर उभी आहे ती याच भाऊंची सून.

“या वहिनी. चहा सांगू का?”

“आधी बोलू. चहाचं नंतर बघू.”

“मंग पानीच सांगतो,” ते म्हणाले. मी कशाला आले ते त्यांनी ओळखलं होतं.

“व्हिडिओ तुमच्या लोकांनी केला?”

“केला न्हाई.” मग म्हणाले, “फिरवला. माझ्या पुतण्यानंबी फिरवला. आता सगळेच तसं करून राह्यले, वहिनी.”

“ती काय बोलली ते तुम्ही ऐकलंत?”

“माझ्या दुकानासमोरच बोलली की. सगळं ऐकलं.”

“मग तेवढं तिच्या सासऱ्यांना येऊन सांगा. तीनच्या आत.”

“माझ्या सुनेच्या विरोधातली बाई मीच उभी ठेवू? लोक हसतील मला.”

“वकीलसाहेबांचं भाषण म्हणालात तेव्हा हसले होते?”

“हसले होते ना. माझ्या भाषणापेक्षा ते बरं झाल्तं.” आणि ते गादीवरून उठले.

माझ्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून भाऊंनी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. “हे मी माझ्या कानानं ऐकलं. ज्यानं कापलं त्याची लाज त्याला. तुम्ही कशाला मान खाली घालता?”

“तुमचं बराबर हाय,” सासरे म्हणाले, “पण उद्या अजून काही काढलं तर?”

“माझ्याबी सुनेचं काढतील. मंग मी तिला घरात कोंडू का?”

ती दारात उभी होती, हात ओलेच.

“मामा, मी अर्ज काढत न्हाई,” ती म्हणाली. मग भाऊंकडे वळून, “काका, आज संध्याकाळी तुमची सभा हाय ना? मला तुमच्याच माइकवर बोलू द्या. आधी मी, मंग तुमच्या सूनबाई.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही शिकवलं?”

“मी इंग्रजी शिकवलं,” मी म्हटलं. “हे तिचं तिचं आहे.”

ते मोठ्यानं हसले आणि हो म्हणाले.

संध्याकाळी ती बोलायला उभी राहिली तसा मागून कुणीतरी मोबाइलवर मेंढरांचा आवाज लावला. ती थांबली. तेव्हा भाऊंची सून खुर्चीवरून उठली, तिच्या शेजारी आली आणि माइकमध्ये म्हणाली, “ह्यांचं होऊ द्या. ज्याला ह्यांचं ऐकायचं न्हाई, त्यानं माझंबी ऐकू नये.” मोबाइल बंद झाला. मग एकीनं पाण्याच्या वेळा सांगितल्या. दुसरीनं, टाकीच लहान आहे, नुसत्या वेळा बदलून काय होणार, असं विचारलं. लोक उठले नाहीत. सासरे शेवटपर्यंत मागे उभे होते.

त्या चॅनेलनं ही सभा दाखवली नाही. भांडणच झालं नाही, मग दाखवणार काय?

मतदान अजून व्हायचं आहे. माझं मत कुणाला, ते तुम्हालाही सांगणार नाही. पण आज सकाळी सासरे पुन्हा आले आणि या वेळी खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, उद्या दुसऱ्या गल्लीत सभा हाय तिची. जीपनं नेऊ, का चालत नेलेलं बरं दिसतं?”

“चालत न्या,” मी म्हटलं. “वाटेत लोक भेटतात.”